अँटी पार्टीची बाटली

"अँटी! अँटी लिवलंय त्यावर! उचला तो डबा आन् माझ्या गोठ्यातनं भायेर व्हा!"

खुटबावचे आबा असे ओरडले, की तिकडं दौंडला उभी असलेली गाडी सिग्नल न बघताच सुटली असणार.

आम्ही गुरांच्या आजारांवर काम करणाऱ्या लॅबची माणसं. पुढं डॉक्टर मॅडम, मागं बर्फाचा डबा घेऊन मी. आबांच्या पहिलारू गाईला दगडी झाली होती, म्हणजे कासेला सूज. एक सड इतकं कडक, की त्यावर नारळ फुटला असता. मॅडमकडं इंजेक्शन तयार होतं. पण औषध जाण्याआधीचं दूध आम्हाला तपासायला हवं होतं. आणि आबा तर आता गाईला हातही लावू देईनात.

घोळ झाला बर्फ बदलताना. डब्यात लॅबसाठी पुण्याहून आणलेल्या अँटीबॉडीच्या करंगळीएवढ्या बाटल्या होत्या. रांजणगावला कंपनीत जाणाऱ्या आबांच्या मुलानं एक उचलून मोठ्यानं वाचली, "माउस, अँटी, बोव्हाइन." मग विचारलं, "बोव्हाइन म्हंजी?"

"गाय," मॅडम म्हणाल्या.

संपलं. त्या गावात 'अँटी'चा एकच अर्थ, विरोधी पार्टी. डेअरीच्या निवडणुकीत अँटी पार्टीनं आबांना पाडलं होतं, तेव्हापासून त्या आळीकडनं आलेला वारासुद्धा ते घरात घेत नव्हते.

"उंदराचं औषध, त्यात गाईच्या अँटी! आन् हे माझ्या गाईला टोचनार?"

"हे टोचायचं नाहीच, आबा. लॅबमध्ये काचेवर टाकायचंय," मॅडम म्हणाल्या.

"काचंवर टाकाय पुण्यातनं आणत्यात व्हय?"

मग मी तोंड घातलं. "आबा, मतदानाला आपला पोलिंग एजंट बसतो. तो कुणाला मारतो का?"

"न्हाई. वळखतो."

"तेच काम हे करतं. सूज आली की गाईच्या रक्तातल्या पेशी कासेकडं पळत सुटतात. दिसायला सगळ्या सारख्या. हा एजंट आपल्या ठरलेल्या पेशीलाच जाऊन चिकटतो आन् हिरवा चमकतो. म्हंजी लढायला कोण आलंय ते आम्हाला कळतं."

"मग उंदीर कशाला मधी?"

"गाईच्या पेशी गाईला घरच्याच वाटणार. परक्या म्हणून वळखायला परका माणूस नको का?"

हे आबांना पटलं. इतकं पटलं, की पुढचा प्रश्न त्यांनी खालच्या आवाजात विचारला, "आन् एजंटच फुटला तर?"

"तर काच काळी."

आबांनी स्वतः सड धरलं. आलं ते दूध कसलं, नासक्या ताकाचं पाणी. ते बाटलीत पडलं, आणि मॅडमनी लगेच इंजेक्शन दिलं.

दोन दिवसांनी मी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. अख्ख्या दौंड तालुक्यातल्या लग्नांची रोषणाई एका थेंबात मावली होती. मॅडमनी फोटो काढले, मी सगळ्या लॅबला बोलावून दाखवलं, आणि पुढच्या फेरीला खुटबावात शिरल्या शिरल्या लांबूनच ओरडलो, "आबा, काय लढल्या तुमच्या गाईच्या पेशी! शंभर टक्के मतदान! एकही एजंट फुटला न्हाई!"

आबा गाईला वैरण टाकत होते.

"सड गेलं," ते म्हणाले. "तीनच पिळतो आता."