डोंग्यातलं डोहाळजेवण

माझ्या डोहाळजेवणाला मला सहा माणसांनी उचलून नेलं. खांद्यावर नव्हे, हातावर. "खांद्यावर नोको घेऊ रे, अभद्र दिसते!" असं सासूबाईंनी वेळेत बजावलं म्हणून.

त्या काळी मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सिंदेवाहीकडच्या गावांतून फिरून गरोदर बायकांना सल्ले देणं हे माझं काम. माझ्याकडे एक रंगीत तक्ता होता, 'गरोदरपणातील सामान्य त्रास'. छातीत जळजळ, पायांवर सूज, कंबरदुखी आणि चौथ्या चित्रात वारंवार लघवीला लागणं. एकेका चित्रावर छडी ठेवून मी सांगायची, "हे सामान्य आहे. घाबरू नये." समोरच्या बाया माना डोलवायच्या. मला वाटायचं, पटलं म्हणून डोलवतात.

मग मलाच दिवस गेले. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दोन आहेत."

मी पर्समधून पेन काढलं. "दोन काय?" (मला वाटलं, सूचना असतील.)

"बाळं!"

घरी सासूबाईंना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मी त आधीच म्हनली होती. एका लेकराचं पोट असं मानसाच्या आधी घरात येत नाई."

नववा लागेपर्यंत तक्त्यावरची सगळी चित्रं माझ्याकडे मुक्कामाला आली. नुसता वरणभात खाल्ला तरी घशात चूल पेटायची. पाय इतके सुजले की मी यजमानांच्या चपला घालत होते, आणि पाय दिसतच नसल्यामुळे दोन्ही चपला एकाच जोडाच्या आहेत का, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं लागे. रात्री कूस बदलायची म्हणजे बल्लारपूरच्या यार्डातलं मालगाडीचं शंटिंग! आधी पोट, मग मी, शेवटी उशा. त्यात डावीकडचं बाळ बरगडीला लाथा मारी, आणि उजवीकडच्यानं माझ्या मूत्राशयाची गादी करून त्यावर कायमचं बस्तान मांडलेलं. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला, विहिरीपलीकडे. माझ्या फेऱ्यांनी अंगणात पायवाट पडली.

"हे सामान्य आहे. घाबरू नये," असं यजमान एकदा वर्तमानपत्राआडून म्हणाले. पुढचा आठवडाभर त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला.

डोहाळजेवण खरं तर सातव्यात व्हायचं. पण सातव्यात धानाचा रोवणा, साऱ्या जणी लावणीला चिखलात, एक बाई मोकळी नाही. आठवा सासूबाईंना चालत नव्हता. राहिला नववा. कार्यक्रमाची सूत्रं अर्थातच मी हाती घेतली. (मी नियोजनाशिवाय शिंकतही नाही.) लोकांकडे पुठ्ठ्याची नाव करून तीत डोहाळकरणीला बसवतात. मी म्हटलं, पुठ्ठा कशाला? दोन घरं सोडून दौलतभाऊ ढीवर राहतात, तळ्यात मासे धरतात. त्यांचा खराखुरा डोंगा आहे, एका अखंड खोडातून कोरलेला. तोच आणू! माझ्या हाताखालच्या साऱ्या अंगणवाडी सेविका येणार होत्या. त्यांना काहीतरी बघायला मिळालं पाहिजे. (मिळालं.)

"आधी डोंग्याची रुंदी मोजून या," मी यजमानांना सांगितलं. ते वनविभागाच्या लाकूड आगारात नोकरीला, टेप कायम खिशात.

ते आले आणि म्हणाले, "ऐसपैस आहे. तुझ्यासारख्या दोघी बसतीन."

"मी आहेच तिघांची."

"तिघंबी बसतीन!"

डोंगा बैलबंडीतून आला. चार वेळा घासून धुतला, अंगणात विटांवर टेकवला, झेंडू बांधला, आत रजई अंथरली, बाजूला उदबत्त्या लावल्या. तरी गल्लीतल्या झाडून साऱ्या मांजरींनी आमंत्रण नसताना हजेरी लावलीच. मासळीच्या वासापुढे उदबत्ती काय करणार? एक बोका तर डोंग्याच्या टोकावर नावाड्यासारखा बसला तो उठेचना.

हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, डोक्यावर फुलांचा मुकुट अशी मी निघाले. दोन सेविकांनी हात धरले आणि विहिरीत बादली सोडावी तशी मला डोंग्यात सोडली. मध्येच मी थांबले. मग 'खप्प' असा आवाज झाला आणि मी तळाला पोचले.

"कशी बराबर बसली माय! मापाचीच केली जशी!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

ओटी भरणं सुरू झालं. तांदूळ, नारळ, केळी, पेरू मांडीवर साचू लागले. बायकांनी गाणी धरली. पहिल्या गाण्यात नदी होती, दुसऱ्यात तळं, तिसऱ्यात धो धो पाऊस. (नावेला साजेशी पाण्याचीच गाणी हवीत, असा आग्रह कोणाचा? माझा!) तिसऱ्या गाण्याला उजवीकडच्या बाळानं गादीवर कूस बदलली.

मी सासूबाईंना खूण केली. "आई, मला जायचंय."

"कुठी?"

"तिकडे."

"आत्ता त जाऊन आली ना!"

"ते मघाशी!"

"थांब वं थोडी. पाच बाया राह्यल्या ओटीच्या. अर्ध्यातून उठत नाई."

मी थांबले. प्रत्येक बाई कुंकू लावून, नाव घेण्याचा आग्रह करून, बाळांना दोन-दोन आशीर्वाद देऊन सावकाश बाजूला होत होती. एकीनं मला पाण्याचा पेला दिला. त्या पेल्याकडे मी वाघाकडे बघावं तसं बघितलं. समोर माझ्या सेविकांची अख्खी रांग बसलेली. वर्षानुवर्षं जिनं त्यांना स्वच्छता शिकवली, तिचं आता भर अंगणात, फुलांच्या मुकुटासकट काय होणार होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. पाचवी बाई सरकली आणि मी हात वर केले. "उठवा मला! लवकर!"

दोघींनी ओढलं. मी उठले नाही. डोंगा उठला.

"अजून दोघी या!" चौघींनी ओढलं. डोंगा विटांवरून हातभर पुढे सरकला. बोका तेवढा नाराज होऊन पुन्हा नीट बसला.

"अवो, फसली की काय?" मागून एक बाई.

"तेल सोडा कडेनं!"

"साबन लावा, साबन! बांगडी निंघते तशी निंघन!"

मी यजमानांकडे पाहिलं. "माप कुठून घेतलं होतं तुम्ही?"

"बाहेरून."

"बाहेरून?"

"लाकडाचं माप बाहेरूनच घेते ना! इतकी वर्सं नोकरी झाली, आतून कोनी मोजाले नाई सांगतलं."

डोंग्याच्या कडा चांगल्या वीतभर जाड होत्या. कोणीतरी कुऱ्हाड आणायचं सुचवलं. तसे दौलतभाऊ धावत पुढे आले. "हात नोको लावू डोंग्याले! बाई काय, आज ना उद्या मोकळी होनारच आहे. मले सकारी तळ्यात जाचं आहे!"

"दौलतभाऊ," मी दातांवर दात ठेवून म्हटलं, "मी थोड्या वेळात इथेच तळं करणार आहे."

ते लगेच दोन पावलं मागे सरले. परिस्थिती सगळ्यात आधी त्यांना कळली. शेवटी पाण्यातला माणूस! सासूबाईंनी पदर खोचला.

"काय पाहून राह्यले सारे? उचला! तशीच उचला!"

तीन गडी या बाजूला, तीन त्या बाजूला. एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला दौलतभाऊ (ते डोंग्यासाठी). मी उचलली गेले. बायकांना गाणं थांबवायला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे धो धो पाऊस गातगात त्याही मागून निघाल्या. पुढे टोकावर बोका, मध्ये मी, मांडीवर पेरू. माझ्याच फेऱ्यांनी पडलेल्या पायवाटेवरून माझी मिरवणूक चालली.

"डावीकडं घ्या, विहीर आहे!" मी ओरडत होते. (नियोजन शेवटपर्यंत माझंच.) "हलवू नका! हसू नका! तुम्ही हसलात की डोंगा हलतो!"

संडासाच्या दाराशी वरात थांबली. दार अरुंद, डोंगा लांब. सारे एकमेकांकडे बघू लागले. माझ्यापाशी मात्र बघत बसण्याएवढा वेळच शिल्लक नव्हता. "कोणीतरी काहीतरी करा हो!"

तेव्हा सासूबाई गरजल्या, "पोत्यातून धान निंघते, डोंग्यातून सून नाई निंघत का? उभा करा डोंगा!"

माझ्या डोक्याकडची बाजू हळूहळू वर गेली. नारळ गडगडले, पेरू उधळले, बोक्यानं उडी टाकली, पोटातल्या दोघांनी एकदम कोलांटी मारली असावी. आणि मी रजईसकट घसरत घसरत खाली आले आणि चक्क माझ्या पायांवर उभी राहिले. देवळीतून देवी बाहेर पडावी तशी मी मुकुट सावरत डोंग्यातून निघाले, आत गेले, कडी लावली.

त्या क्षणी बाहेर इतकी शांतता पसरली की तेवढी माझ्या भाषणाला कधी मिळाली नव्हती. नको होती, पण मिळाली. कडी उघडून बाहेर आले तेव्हा टाळ्या पडल्या. दौलतभाऊंनी आधी डोंग्याला चिरा पडल्या का ते पाहिलं, मग मला विचारलं, "बरं वाटते ना आता बाई?"

पुढं चंद्रपूरला मुलगा आणि मुलगी दोन्ही सुखरूप झाली. डोंग्यातून सुटण्यापुढे तो प्रसंग मला बराच सुटसुटीत वाटला.

रजा संपवून मी कामावर रुजू झाले. पहिल्याच बैठकीत तक्ता टांगला. पहिली तीन चित्रं नीट पार पडली. छडी चौथ्या चित्रावर ठेवली आणि ठाम आवाजात म्हटलं, "हे सामान्य आहे. घाबरू नये. लागली की लगेच उठून जावं."

साऱ्या सेविका माना डोलवत होत्या. मागून एक जण उभी राहिली. चेहरा अगदी गंभीर.

"आनि उठता नाई आलं त, बाई?"

मी तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यावर त्याचं चित्र नव्हतं. "तर घरच्या माणसांनी मदत करावी."

"किती जनानं, बाई?"

मी छडी खाली ठेवली.

"सहा."