मोंबासाच्या वाटेवर यशवंतराव

यशवंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईच्या बंदराबाहेर एका हॉटेलात कॉफी पीत बसले होते. फोन आमच्या गोदामातल्या हमालांच्या मुकादमाचा, महादेवचा होता. "मॅडम, राव उठत नाहीत," एवढंच तो म्हणाला. गेले असं म्हणाला नाही. उठत नाहीत... आज काही महिन्यांनी लिहायला बसले तरी कानात तेच दोन शब्द आहेत.

कचेऱ्यांचं सामान जहाजाने परदेशी पाठवायचं, हा माझा आणि यशवंतरावांचा भागीदारीतला धंदा. टेबलं, खुर्च्या, फायलींची कपाटं, प्रिंटर. गोदाम म्हैसूरला, हुणसूर रस्त्यावर, हिनकलच्या पुढे. कागदपत्रं मी बघायची, माल बांधून कंटेनरमध्ये भरायचा तो त्यांनी. मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली, बोगादीत राहणारी. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी सुरुवातीला मला अर्धंच कळायचं. वाक्य मराठीत निघायचं आणि कानडीत जाऊन पोचायचं. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला "अम्मा" म्हणायचे. "समुद्रावर माल गप बसत नाही अम्मा, डुलतो. लेकराला झोळीत बांधतात तसा बांधायचा," असं म्हणत ते प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघायचे.

त्यांची आठवण आली की मला ती काळी खुर्ची आठवते. एका कंपनीने आपली म्हैसूरची शाखा बंद केली आणि सगळं फर्निचर मोंबासाच्या एका व्यापाऱ्याने घेतलं. त्यात साहेबाची उंच पाठीची, खालीवर होणारी खुर्ची होती. ती दुपारी जेवणानंतर आपोआप खाली बसायची. हळूच, फुस्स आवाज करत, कुणीतरी अंग टाकावं तशी. सकाळी पाहावं तर पुन्हा वर. आम्ही मिस्त्री बोलावून तिचा दांडा बदलला. दुसऱ्या दुपारी मी समोर उभी असताना ती खाली गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं, पंखासुद्धा बंद होता. मी म्हटलं, "बिघडलेली आहे, काढून टाका मालातून."

"सुम्ने, उगीच असं होत नाही, अम्मा," यशवंतराव म्हणाले.

ते त्या कंपनीच्या जुन्या रखवालदाराला शोधून भेटून आले. तिथले मॅनेजर जेवण झाल्यावर याच खुर्चीत गेले होते. साहेबांचा डोळा लागलाय असं समजून लोक पाय न वाजवता ये-जा करत राहिले, आणि संध्याकाळी दिवे लावायला शिपाई आत गेला तेव्हा कळलं. "त्यांना कुणी उठवलंच नाही," यशवंतराव म्हणाले. "ते अजून डुलकीतच आहेत. झोपलेल्या माणसाला न विचारता समुद्रापार कसं धाडायचं?"

जहाज गाठायचं होतं, ट्रेलर दारात उभा होता. मी चिडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गाडी काढून कृष्णराजनगरला गेले. येताना त्या मॅनेजरांच्या पत्नीला घेऊन आले. शारदम्मा. बारीक चणीच्या, डोक्यावरून पदर. काय सांगून आणलं कोण जाणे! त्या खुर्चीपाशी गेल्या. खुर्ची खाली गेलेलीच होती. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रोज म्हणत असाव्यात अशा आवाजात म्हणाल्या, "एळ्री... मनेगे होगोण." उठा, घरी जाऊ.

खुर्ची वर आली. सावकाश, उठताना गुडघे धरणाऱ्या माणसासारखी. शारदम्मा वळल्या आणि दाराकडे निघाल्या, एका बाजूला जरा जागा सोडून चालत. खुर्ची पुन्हा कधी खाली बसली नाही. मोंबासाला ती कुणीतरी वापरत असेल.

त्यानंतर यशवंतराव बदलले असं मला वाटतं. भरलेल्या कंटेनरचं दार लावण्याआधी ते एकटेच आत जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "कोण राहिलं तर नाही ना, बघून आलो." मी हसायचे. हमाल मात्र हसायचे नाहीत.

त्या दिवशीही ते जेवण करून असेच आत गेले. पुन्हा मोंबासाचाच माल होता. खुर्च्यांच्या रांगेला पाठ टेकून ते खाली बसलेले महादेवला दिसले. दमलेत, बसू दे, म्हणून त्याने पोरांना आवाज न करायला सांगितलं... बाकीचं सांगायला नको. त्यांना बाहेर काढून दवाखान्यात नेलं. कंटेनर दुसऱ्या दिवशी सील होऊन निघून गेला.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नी, रुक्मिणीअक्का, गोदामात आल्या. रडल्या नाहीत. "ते बसले होते ते कुठे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तो कंटेनर आता समुद्रावर आहे.

"मग घरात नाहीत ते बरोबरच," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी रोज हाक मारते. घर नुसतं ऐकून घेतं." मग म्हणाल्या, "ती पेटी उघडतील तेव्हा मला सांगा. मला त्यांना उठवायचंय."

मला नाही म्हणवेना. मोंबासाच्या व्यापाऱ्याकडे जुमा नावाचा कारकून माल उतरवून घेतो. त्याला मी इंग्रजीत सगळं खरं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "दार उघडायच्या आधी फोन करतो, मॅडम."

फोन आला तेव्हा रुक्मिणीअक्का गोदामातल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. फोनच्या पडद्यावर जुमाचा हात दिसला, तुटलेलं सील दिसलं, मग दार करकरलं आणि सगळा पडदा काळा झाला. जुमाने फोन आत धरला होता. अक्का फोनवर वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "उठा. झालं काम. चला घरी."

काही नाही. दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्या काळोखातून कुणी घसा साफ करावा तसा आवाज आला. यशवंतराव जागे झाल्यावर चहा मागण्याआधी करायचे, तसा. प्लास्टिक सरकलं असेल, पत्रा तापला असेल. मी स्वतःला हेच सांगते. पण जुमा एकदम कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आत कोण आहे?"

अक्का कान लावून ऐकत होत्या, आपण नवऱ्याचं बोलणं ऐकतो तसं, मधूनमधून मान हलवत. मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं, दार उघडं ठेव आणि बाजूला हो. जन्मभर समुद्रापार माल धाडला, समुद्र मात्र बघितला नाही कधी. निधान, सावकाश येऊ देत." आणि पदर सावरून उठल्या. त्यानंतर त्यांनी घरात हाक मारणं बंद केलं. सुनेने विचारलं तर म्हणतात, जागे झालेत ना, आता आपले येतील.

मी तिकडे अजून माल पाठवते. दर वेळी दार उघडताना जुमा मला फोन करतो. मी त्याला कधी तसं सांगितलेलं नाही. नमस्कार नाही, चौकशी नाही. तो फोन नुसता काळोखात धरतो, आणि मी इकडे हातातलं काम ठेवून ऐकत राहते...