पितरांच्या चिंचवणीत सोडा

आमचे हे सौंसरच्या शाळेत केमिस्ट्री शिकवतात. शाळा सुटली तरी शिकवणं काही सुटत नाही. माझ्या हातचं लिंबूसरबतसुद्धा आधी आम्ल म्हणून पाहतात, मग पितात.

सासरे गेल्यानंतरची ती पहिली अक्षय तृतीया. घागर भरायची, पितरांचं पान वाढायचं. पानात पुरणपोळी, वडे आणि चिंचवणी, म्हणजे गूळ घातलेलं चिंचेचं सार. सासऱ्यांना ते डोळे मिटतील इतकं आंबट लागायचं. सासूबाई सकाळपासून त्या पातेल्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हत्या. "बाकी चुकलं तं चालन, हे नाही चुकलं पाहिजे," म्हणायच्या.

त्या आंघोळीला गेल्या आणि ह्यांनी चमचाभर चाखलं.

"अवं, पाहुण्यांचे दात आंबून जातीन! थांब, न्यूट्रल करून देतो."

"राहू द्या ना बाप्पा! आईनं पाहिलं तं?"

"कायले घाबरून राहिली? आम्ल अधिक अल्कली, झालं क्षार अन् पाणी. साधा धडा आहे."

साधा म्हणे! खायच्या सोड्याचा चांगला डाव भरून पातेल्यात गेला. फस्सकन फेस वर आला, काठावरून उतरला, गॅस विझला, ओटा भरला. मास्तर दोन्ही हातांनी फेस अडवून राहिले होते. हसू नये तेव्हाच मेलं हसू येतं. उरलेलं चाखलं, तर आंबटपणा पार गेलेला, नुसतं खारट आणि साबणासारखं.

"फेसातला गॅस उडून जाते, क्षार राहते," हे बारीक आवाजात म्हणाले.

सासूबाई आल्या. ओटा पाहिला, सोड्याचा डबा पाहिला, बोट बुडवून चाखलं. आता ह्यांची काही खैर नाही, असं मला वाटलं.

"आई, बाबांचं पान बिघडवलं मी. थांब, बजारातून चिंच आणतो," म्हणत हे पिशवी शोधू लागले. मला तेव्हा ह्यांची फार दया आली.

"कुठी नको जाऊ. हेच वाढ."

ह्यांनी वाटी भरून पानात ठेवली. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्यांच्या फोटोकडे पाहून चांगलं दटावलं, "यंदा आंबट नाही भेटणार. पोरानं पयल्यांदा तुमच्यासाठी सैपाकात हात घातला. गुमान जेवा."