कापसाच्या घरात वातीले कापूस नाही

बायांनो, आमच्या मातीच्या भिंतीत खुंटी टिकत नाही, कंदील टांगता येत नाही. म्हणून आज दिवाळीले म्या भिंती पोतारून कोनाड्याकोनाड्यात पणत्या मांडल्या. वाती वळायले बसली, तं टोपल्यात कापूसच नाही!

"अवो, मूठभरबी ठेवला नाही?" म्या घरधन्याले विचारलं.

"आपल्या वावरातला सारा अकोटच्या दलालानं झाडून नेला. विलायतेच्या गिरण्यांले लागते."

शेवटी पेटी उघडली. बाळासाठी भरलेली लहानशी उशी होती तिच्यात. बाळ राहिलं नाही, उशी राहिली होती. तीच उसवली. वाती वळल्या.

आता सारे कोनाडे उजळले. शेजारीण म्हणते, "घर किती साजरं दिसते वो!"

बायांनो, तुमच्या घरी मूठभर कापूस उरला काय? मले उशी परत भरायची आहे.