काकूंच्या घड्याळातला फेब्रुवारी

२८ फेब्रुवारी, अकोला. सकाळी गारवा, अकरापासून चटका.

तारीख दाखवणारी जुनी घड्याळं जमवणाऱ्या आम्हा तिघांकडे घड्याळं मोजकीच, किस्से मात्र भिंतीवर मावत नाहीत!

आमचे वकीलसाहेब अमरावतीचे. त्यांनी बाजारातून 'अँटिक' घड्याळ आणलं. घरी झाकण उघडलं, तर आत पेन्सिल सेल! तसेच परत गेले. दुकानदार शांत. "मशीन बंद होती साहेब, नवी टाकली. डबा बी नवा बसवला."

"मंग जुनं काय आहे याच्यात?"

"धूळ!"

*

तिसरे भाऊराव, मूर्तिजापूरचे शेतकरी. त्यांच्या घरच्या घड्याळाचा एक काटा तारीख दाखवतो. पण महिना तिसाचा की एकतिसाचा, हे त्याला कळत नाही. तो हातानं सरकवावा लागतो. जूनअखेर पेरणीच्या गडबडीत राहून गेलं. पुतण्याचा साखरपुडा एक जुलैला, आणि त्या दिवशी भाऊरावांच्या भिंतीवर एकतीस जून! दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून ते अमरावतीला पोचले, तर मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरून राहिला होता.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लग्नाले तरी कोनाले तारीख विचारून या!"

तेव्हापासून भाऊरावांना एकच ध्यास : लहानमोठे महिने स्वतः ओळखणारं घड्याळ.

*

ते सापडलं अकोल्याच्या जुन्या शहरात, कुसुमकाकूंकडे. फक्त कुणीतरी काटे बारा तास चुकीचे लावले होते, म्हणून तारीख दुपारी बारालाच बदलायची.

"नीट करून देऊ का काकू?"

"राहू द्या भाऊ. माझं जेवन झालं की दिवस संपतेच!"

भाऊरावांनी घड्याळ मागितलं. काकूंनी अट घातली, "सासरे म्हनत, याले फेब्रुवारी समजते. अठ्ठावीसनंतर एक दाखवली, तर देनार नाही. एकोनतीस दाखवली, तर फुकट घेऊन जा!"

*

यंदाचा फेब्रुवारी अठ्ठाविसाचा. आज सकाळी आम्ही तिघं हजर. भाऊरावांनी तेल घालायला घड्याळ उघडलं. महिन्याची पट्टी मळानं जानेवारीवरच अडकून बसली होती. तशीच राहती, तर एकोणतीस नक्की. त्यांनी काडीनं मळ काढला आणि पट्टी मोकळी करून फेब्रुवारीवर आणली.

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "काहून हात लावला? घड्याळ तुमचंच होतं ना!"

"फेब्रुवारी न समजनारं घेऊन काय करू? तसं तर घरी आहेच!"

बाराचे ठोके पडले. काटा एकोणतीस, तीस, एकतीस झरझर ओलांडून एकवर थांबला. तबकडीवरच्या महिन्याच्या खिडकीत मार्च आला.

"याले दर रविवारी किल्ली द्या लागते," काकू म्हणाल्या. "माझा हात पुरत नाही."

घड्याळ काकूंच्या भिंतीवर राहिलं. किल्ली भाऊरावांच्या खिशात आहे.