सोमवारपर्यंतचा शब्द

आम्रपाली भालेराव हिनं हिंजवडीतल्या आयटी कंपनीतली एचआरची नोकरी सोडून पीएच.डी.ला प्रवेश घेतला, तेव्हा तिचे वडील बाबुराव पेपर वाचत राहिले. पण पीएच.डी. हातात पडल्यावर ती पुन्हा दोन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन संशोधनाला बसली, तेव्हा मात्र खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबुरावांनी पेपर खाली ठेवला.

“डॉक्टर झालीस ना? मग आता आणखी काय व्हायचं राहिलंय?”

“व्हायचं काही नाही, बाबा. शोधायचंय.”

“शोध. सापडलं की सांग.”

ती शोधत होती ते असं. ज्या मुलांना आईवडील सांभाळू शकत नाहीत, त्यांतल्या काहींना बालगृहाऐवजी एखाद्या कुटुंबात ठेवतात. हे दत्तक घेणं नव्हे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ते प्रतिपालक कुटुंब त्याला सांभाळतं, आणि सरकारी समिती लक्ष ठेवते. अशी मुलं नशेकडे वळण्याआधीच त्यांना कसं थोपवता येईल, हा आम्रपालीचा विषय. पुण्यातली एक्केचाळीस घरं तिनं निवडली होती. दर शुक्रवारी कोथरूडच्या एका शाळेत दुपारनंतर मुलांची बैठक व्हायची, बोलणं व्हायचं, आणि शेवटी एक प्रश्नावली. गुटखा, दारू, हुंगायचं व्हाइटनर, सिगारेट. टपरी, मित्र, क्लासच्या मागची गल्ली. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर तिनंच लिहिलं होतं : ‘तू सांगशील ते कुणालाही सांगितलं जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच अपवाद.’

२०१८च्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी बाकीची मुलं गेली तरी राजनंदिनी बाकावरच बसून राहिली. सोळा वर्षांची, अकरावीतली. भोरजवळच्या बालगृहातून दीड वर्षापूर्वी ती कोथरूडला प्रेमलाकाकू आणि अनंतकाकांकडे आली होती. त्यांची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि घर अंगावर यायला लागलं, म्हणून त्या दोघांनी अर्ज केला होता.

“ताई, तुमच्या यादीत माझं नाहीये,” राजनंदिनी म्हणाली.

“काय नाहीये?”

“काकांच्या पाठीच्या गोळ्या. त्या घेतल्या की झोप लागते.”

आम्रपालीनं आवाज सांभाळला. “किती घेतेस?”

“एक. कधी दोन.”

“कधीपासून?”

“सहामाहीत नापास झाले तेव्हापासून. काकूंना अजून निकाल दाखवला नाही. त्या मला परत पाठवतील.”

“काकू तसं कधी म्हणाल्यात?”

“म्हणायला कशाला हवं? आमच्या बालगृहातली तिघंजणं अशी परत आलेली मी पाहिलीत.” मग तिनं प्रश्नावलीचं पहिलं पान आम्रपालीपुढे सरकवलं. “सांगू नका. तुम्हीच लिहिलंय.”

एक गोळी, कधी दोन. हा जिवाला धोका म्हणायचा की नाही? आज काकूंना सांगितलं तर ही मुलगी पुन्हा कुणापाशी तोंड उघडणार नाही. नाही सांगितलं तर... शेवटी आम्रपाली म्हणाली, “सोमवारी मी घरी येते. आपण दोघी मिळून काकूंशी बोलू. तोवर मी कुणाला काही सांगत नाही. पण तोवर तूही एकही गोळी घ्यायची नाहीस. कबूल?”

राजनंदिनीनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, याचा विचार आम्रपाली पुढे दोन दिवस करत राहिली. शनिवारी तिनं आपल्या मार्गदर्शक हेमाबाईंना फोन लावला. त्या दिल्लीला परिषदेत होत्या, रात्री त्यांचा निरोप आला, ‘सोमवारी सविस्तर बोलू.’ सगळ्यांचाच सोमवार ठरला होता.

रविवारी दुपारी तीनला प्रेमलाकाकूंचा फोन आला.

“अहो, नंदिनी तुमच्याकडे आलीये का? क्लासला म्हणून गेली. क्लासवाले म्हणतात, आलीच नाही. मोबाइल बंद आहे.”

आम्रपाली उभीच राहिली. समोर बाबुराव जेवून आडवे झाले होते.

“हॅलो? ऐकताय ना?”

“काकू,” ती म्हणाली, “काकांच्या गोळ्यांचा डबा बघा.”

“डबा? तो कशाला?”

“आधी बघा. प्लीज.”

कपाट उघडल्याचा आवाज, मग अनंतकाकांचं काहीतरी विचारणं.

“नवं पाकीट नाहीये. दहा गोळ्यांचं.” काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. “तुम्हाला कसं माहीत?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेव्हा वेळ नव्हता. राजनंदिनी बैठकीत एकदा म्हणाली होती, कुणी पाठवण्याआधी आपणच निघून गेलेलं बरं. मग ती जाईल कुठं? ओळखीची जागा एकच, भोरजवळचं बालगृह. “स्वारगेटला या,” आम्रपाली म्हणाली, “भोरच्या गाड्या लागतात तिथं. मीही निघते.”

खडकीहून स्वारगेटपर्यंत तिनं स्कूटर कशी हाणली ते तिचं तिलाच ठाऊक. रविवार असूनही टिळक रोडला गर्दी होती, एकेका सिग्नलला ती दहा गोळ्यांचा हिशेब मांडत होती. चार घेतल्या असतील तर काय, सहा घेतल्या असतील तर काय. पीएच.डी.त यातलं काही शिकवलं नव्हतं.

स्टँडवर एक भोरची गाडी नुकतीच सुटत होती. ती गाडीत चढली, कंडक्टर ओरडत असताना एकेक बाक पाहून उतरली. फलाटावर बायकांचा एक घोळका पिशव्या सांभाळत बसला होता. त्यांच्या पलीकडे, सॅकवर डोकं टेकून राजनंदिनी बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

“नंदिनी! किती घेतल्यास? सांग मला. किती?”

“चार... पाच...” जीभ जड झाली होती. “गाडीत झोप लागावी म्हणून...”

घोळक्यातली एक बाई न विचारता उठली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं मुलीला धरलं. दोघींनी तिला रिक्षापर्यंत नेलं. जवळच्या दवाखान्यात आम्रपालीनं सॅकमधलं उरलेलं पाकीट डॉक्टरांच्या हातात ठेवलं, ती किती वाजता सापडली ते सांगितलं, शुक्रवारचंही सगळं सांगितलं. काही लपवायचं उरलं नव्हतं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. “वेळेत आणलंत. उद्यापर्यंत ठेवून घेतो.”

तोवर प्रेमलाकाकू आणि अनंतकाका पोचले होते. काकू बाकावर बसल्या नाहीत.

“तुम्हाला शुक्रवारपासून माहीत होतं.”

“हो.”

“काल रात्री ह्यांची पाठ धरली होती. मीच नंदिनीला म्हटलं, जा, तो डबा घेऊन ये. मीच पाठवलं तिला त्या डब्यापाशी.”

आम्रपालीला नियम सांगता आला असता, काकूंनीच सही केलेला संमतीचा कागद दाखवता आला असता. ती म्हणाली, “चुकलं माझं.” काकूंनी ते ऐकलं आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी मुलगी नीट जागी झाली. दारात उभ्या असलेल्या आम्रपालीकडे तिनं पाहिलं. “सांगितलंत ना?”

“सांगितलं.”

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग भिंतीलाच विचारावं तसं विचारलं, “आता परत पाठवणार ना?”

“जायचंच होतं तर ह्यांच्या गोळ्या कशाला नेल्यास?” काकू म्हणाल्या. “सबंध दुपार माणूस पाठ धरून बसलाय.” आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारत, त्याच कोरड्या आवाजात, “निकाल सापडला मला. गणितात अकरा. तुझ्या काकांना याहून कमी असायचे.”

अनंतकाका खाटेच्या पायथ्याशी बसून रडत होते.

सोमवारी आम्रपालीनं विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीला स्वतःविरुद्ध पाच पानांचं टिपण लिहून दिलं. काम चार महिने थांबलं. सरकारी समितीपुढेही सुनावणी झाली, मुलीला हलवायचं का, असा प्रश्न निघाला तेव्हा प्रेमलाकाकूंनी विचारलं, “कुठं? आणि तिथं औषधं नसतात का?” राजनंदिनी कोथरूडलाच राहिली.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्रपाली आधी त्या एक्केचाळीस घरांत गेली, मुलांशी नव्हे तर पालकांशी बोलायला. औषधं कुठं ठेवता, हा तिचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न विचारायला अवघड होता : ‘तुम्ही परत पाठवाल, असं मुलाला वाटतं का?’ पहिल्या पानावरचं वाक्यही तिनं बदललं. जिवाला धोका म्हणजे काय, ते आता तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, गोळ्यांसकट. ते वाचून सात मुलांनी यायचं बंद केलं. त्यांचं काय झालं, हे तिला कधीच कळलं नाही.

“सापडलं का?” बाबुरावांनी एकदा विचारलं.

“थोडं. महागात.”

बाबुरावांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

राजनंदिनी त्यानंतर तिच्याशी बोलली नाही. बारावी झाली, अठरा वर्षं पूर्ण झाली, कागदोपत्री व्यवस्था संपली. ती आपली त्याच घरात राहिली. मग एक दिवस काकूंकडून निरोप आला. नव्या प्रतिपालक आईवडिलांची बैठक आहे तिथं नंदिनी बोलायला तयार आहे, पण एका अटीवर. आम्रपालीताईंनी आत बसायचं नाही.

आम्रपालीनं खुर्च्या मांडल्या, पंखे लावले, दार लोटून घेतलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली. आतून शब्द कळत नव्हते. नंदिनीचा आवाज मात्र येत होता, न अडखळता, चांगला अर्धा तास.