‘काइंडली’ काढून बोला

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगाबादला घरी मटार सोलत बसले होते. फोनवर त्यांचा भाचा श्रीनिवास होता. “मावशी झोपेतच गेली हो सुमनताई… तकलीफ काही झाली नाही,” एवढंच तो म्हणाला. त्याला धीर द्यायचं सोडून मी त्याच्यावर तुटूनच पडले. तब्येत बिघडली तेव्हा का कळवलं नाहीस, मला काय परकी समजलात… भांडता भांडताच मला रडू फुटलं. दमयंतीबाई असत्या तर खूश झाल्या असत्या. मला भांडायला त्यांनीच शिकवलं, आणि तेही इंग्रजीत.

राज्य पुनर्रचनेचे दिवस होते ते. हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याखेरीज घरोघर दुसरा विषय नव्हता. त्यात कचेऱ्यांतली उर्दू मागे पडून इंग्रजी आलेली. मी हैदराबादेत शिक्षण खात्यात नुकतीच कारकून म्हणून लागले होते आणि इंग्रजी कागद आला की तो शेजारच्या टेबलावर सरकवायची. बरकतपुऱ्यात दमयंतीबाई रविवारी सकाळी आपल्या बाहेरच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घेतात, असं कळलं म्हणून गेले. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, आवाज खणखणीत. वर्गाला सुलतान बाजारातले एक कापडवाले शेटजी होते, माझ्यासारखे चार कारकून होते, आणि उर्दूत कोर्ट गाजवून इंग्रजीत मुके झालेले एक वकीलसाहेब होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या हातात मुद्दाम गार चहा दिला आणि म्हणाल्या, “चहा गार आहे. सांग मला, इंग्रजीत.” मी उठून उभी राहिले. सर्वप्रथम क्षमा मागितली. मग नम्र निवेदन करण्याची परवानगी मागितली, कृपाळूपणाने लक्ष द्यावे अशी विनंती केली, आणि चहापर्यंत पोचायच्या आत माझं इंग्रजी संपलं. बाई हसल्या नाहीत. “हे तुझं इंग्रजी कच्चं नाही गं,” त्या म्हणाल्या, “ही आपल्या हैदराबादची तहजीब आहे. आधी दोन ओळी सलाम, मग कामाची गोष्ट. गार चहासाठी एवढं वाकलीस, तर नोकरीसाठी किती वाकशील?” खरंच होतं ते. आमच्या शहरात कुणी पायावर पाय दिला तरी आधी आपणच ‘मुआफ कीजिए’ म्हणायचं. तीच अदब आम्ही सगळे जशीच्या तशी इंग्रजीत घेऊन आलो होतो.

बाईंनी वर्गात ‘काइंडली’, ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’वर बंदीच घातली. इंग्रजी यायला लागलं की मग वापरा, म्हणायच्या. त्यांचं शिकवणं म्हणजे भांडण. त्या कधी घरमालकीण व्हायच्या, कधी स्टेशनमास्तर, आणि आम्ही त्यांच्याशी हुज्जत घालायची. अडलेला शब्द त्या तिथल्या तिथे पुरवायच्या. भांडणाच्या भरात मिळालेला तो शब्द डोक्यात असा बसायचा की बस. वाक्प्रचारसुद्धा अंगाने शिकायचे. ‘पुट युवर फुट डाउन’ म्हणजे ठाम राहा, हे सांगून झालं आणि त्यांनी वकीलसाहेबांना शहाबादी फरशीवर खरोखरच पाय आपटायला लावला. वकीलसाहेब आधी लाजले, पण एकदा रंगात आल्यावर थांबेचनात. शेजारच्या तेलुगू बाई धावत आल्या, घरात मारामारी लागली की काय म्हणून. काय दिवस होते ते! शनिवारी रात्री मला उत्साहाने झोप लागायची नाही.

अशातच माझी रवानगी औरंगाबादला ठरली, मुंबई राज्यात. मुलगी एकटी परमुलखात कशी राहील, म्हणून वडिलांनी माझ्याकडून हरकतीचा अर्ज करवला. सुनावणी घेणारे साहेब बाहेरचे, त्यांना फक्त इंग्रजी यायचं, आपल्याकडची कुठलीच भाषा येत नव्हती. बाई तर निश्चिंत होत्या. सुमन राहिली की माझ्यानंतर वर्ग तिचाच, असं त्या सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी तालीम घ्यायला घेतली. त्या साहेब, मी अर्जदार.

“व्हॉट डू यू वॉन्ट?”

“माय फादर वॉन्ट्स…”

“तुला काय पाहिजे ते विचारायलेय मी,” बाई मराठीत खेकसल्या. “बाबांना नंतर बोलावते.”

मी तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर पडलं, “आय वॉन्ट टू गो.”

माझं मलाच ते नवीन होतं. मराठीत हे वाक्य माझ्या मनातसुद्धा कधी पुरं झालं नव्हतं. मध्ये वडील यायचे, आईची उदास नजर यायची, लोक काय म्हणतील ते यायचं. इंग्रजीत मात्र मध्ये कुणी नव्हतं. मला नवी कचेरी पाहिजे होती, नवं गाव पाहिजे होतं, स्वतःच्या कुलपाची खोली पाहिजे होती. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

बाई उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत… मी घाबरले. परत आल्या तेव्हा पदराने तोंड टिपत होत्या. साहेबाच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, “अगेन. अँड लाउडर.”

घरी वडिलांना सांगितलं ते मात्र मराठीतच. ते म्हणाले, “हे बाईंनी शिकवलं तुला?” मी म्हटलं, “नाही बाबा, बाईंनी फक्त विचारलं.” दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर हरकत मागे घेतली, एकदाही क्षमा न मागता. काचीगुडा स्टेशनवर मला पोचवायला बाई आल्या होत्या. गाडी हलेपर्यंत हमालाच्या मजुरीवरून त्यांनी माझ्याशी इंग्रजीत वाद घातला. दुसरं काही बोलणं आम्हा दोघींना झेपलं नसतं.

औरंगाबादने मला नोकरी, संसार, सगळं दिलं. बाईंचा वर्ग मात्र तसाच चालू राहिला, वारस न मिळता. दरवर्षी मी त्यांना भेटायला जायची, पण ‘परत ये आता’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात बरकतपुऱ्याला गेले. आता मी निवृत्त, मुलगा मार्गी लागलेला. श्रीनिवास खोली रिकामी करायची म्हणत होता. बोलता बोलता दारात चपलांचा आवाज झाला. रविवार होता. सहा-सात मुलं-मुली उभी होती. बाई गेल्याचं त्यांना माहीत होतं, तरी आली होती. मी बाईंची जुनी विद्यार्थिनी, असं श्रीनिवासने त्यांना सांगितलं. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात टायपिस्ट असलेली मुलगी पुढे झाली आणि चाचरत म्हणाली, “मॅडम, वुई काइंडली रिक्वेस्ट यू…”

“‘काइंडली’ काढ,” मी म्हणाले. कधी म्हणाले ते कळलंच नाही.

ती गोंधळली. मग ताठ उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “वुई वॉन्ट अ टीचर.”

संध्याकाळच्या गाडीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. मी ते श्रीनिवासच्या हातात दिलं, जाऊन रद्द कर म्हटलं, आणि बाईंची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.